गणित कच्चं, तरी सॅपर व्हायचंय

प्रश्न : मी लातूरला दहावीत आहे. लष्करात इंजिनिअर अधिकारी (सॅपर) व्हायचंय, पण गणितात जेमतेम पास होतो. जमेल का?

उत्तर : जमेल, पण गणित टाळून नाही. लातुरात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या नादात अकरावीला गणित सोडणारे पुष्कळ. तू तेवढं करू नकोस, इथेच इंजिनिअर होण्याची वाट बंद होते. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेशासाठी गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० आणि एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखत ९०० गुणांची. म्हणजे इंग्रजी, सामान्यज्ञान आणि व्यक्तिमत्त्व गणिताची तूट बरीच भरून काढतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकायचं नाही. एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा याच वर्षी दे. एनडीए हुकलं तर नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी कर. लष्करातल्या पदवीधरांच्या तांत्रिक प्रवेशाला लेखी परीक्षा नसते, गुणांवर निवड होऊन थेट एसएसबी. अर्थात, अभियांत्रिकीतही गणित आहेच. आज आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात कर.