पाचवे शील आणि हातातला मोबाईल



धम्मबंधू-भगिनींनो, पाचवे शील आपण बहुधा दारूपुरतेच समजतो. घरात दारू नाही, म्हणजे शील पाळले गेले असे वाटते. पण त्या शिलाचे मर्म ‘पमाद’ या शब्दात आहे. पमाद म्हणजे भान सुटणे. रात्री एक वाजता पांघरुणात रील्स पाहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचेही भान सुटलेले असते.

हा एकट्या मुलाचा दोष नाही. किशोरवयात मेंदूतील मौजेकडे ओढणारा भाग लवकर जोर धरतो. स्वतःला आवरणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. प्रतीत्यसमुत्पादाची साखळी इथे स्पष्ट दिसते: स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. मोबाईल वाजतो, बरे वाटते, आणखी हवेसे होते, मग हातातून सुटत नाही. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. ती मोडली की चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही, मन उदास होते.

अल कुसैसमध्ये आपली अडचण वेगळी आहे. उन्हाळ्यात दुपारी बाहेर खेळता येत नाही. अनेक घरांत आई-वडील दोघेही ड्युटीवर असतात. गृहपाठ अ‍ॅपवर येतो, गावच्या आजीशी बोलणे बोटिमवर होते. त्यामुळे मोबाईल हिसकावून प्रश्न सुटत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक वाट दाखवली. तिथे रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवायचा आणि 8.30 पर्यंत मोबाईल, टीव्ही बंद ठेवायचे असे गावाने ठरवले. नियम मुलांपुरता नव्हता, थोरांनाही होता. म्हणूनच तो मुलांना पटला असावा.

तथागतांनी राहुलला शिकवताना आरशाचा दाखला दिला. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासावे: याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? मुलांना हाच प्रश्न मोबाईलबाबत विचारायला शिकवा. आधी: मी हा का उघडतोय? मध्ये: मला बरे वाटतेय की जळफळाट होतोय? नंतर: काय मिळाले?

या आठवड्यापासून एवढे करून पाहा:

1. रात्री सर्वांचे मोबाईल चार्जिंगला हॉलमध्ये ठेवा, आपलेही.
2. रोज अर्धा तास घरातल्या सर्वांनी मोबाईल बाजूला ठेवावा. त्रिसरण-पंचशील घ्या, पाच मिनिटे आनापानसती करा, मग गप्पा मारा.
3. मुलाने ऑनलाईन छळाची किंवा धमकीची गोष्ट सांगितली तर आधी ऐकून घ्या. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

मूल अनेक दिवस गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा जगणे नको अशी भाषा करत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. मनाच्या आजारावर उपचार घेण्यात लाज नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. शिकण्यासाठी जागे मन लागते. ते मुलांसाठी राखणे हे आपले काम आहे.

भवतु सब्ब मंगलं!