अंगात न घालता

साथीच्या काळात अंगाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयी मनुष्याच्या मनात भय उत्पन्न होते, आणि वस्त्राइतके अंगाला दुसरे काय लागते? इंग्लंडातील ईम नावाच्या खेड्यात 1665 साली जो प्लेग शिरला, तो लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातील पिसवांबरोबर आला असे सांगितले जाते. आपल्याकडे 1896 साली मुंबईत प्लेग प्रकट झाल्यावर सरकारने 1897 मध्ये जो साथरोग अधिनियम केला, त्याच कायद्याचा आधार घेऊन, सव्वाशे वर्षे उलटत आली असताना, महाराष्ट्र शासनाने करोनाविषयीचे आपले हुकूम जारी केले. प्लेगाच्या बाबतीत कापडाचे भय साधार होते, कारण पिसू कापडात दडून कोसच्या कोस प्रवास करू शकते. करोनाच्या बाबतीत आपण कापडाचे भय पुष्कळ धरले आणि ज्या बंद खोलीत ते कापड अंगात घालून पाहिले जाते त्या खोलीच्या हवेचे भय फारच थोडे धरले. आमच्या कुटुंबाला याचा जो अनुभव आला तो इतरांच्या उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने येथे लिहून ठेवीत आहे.

सोलापुरात 2020 सालचा कापडाचा हंगाम कसा गेला हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. देशव्यापी टाळेबंदी 25 मार्चला सुरू झाली, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. एप्रिलच्या मध्यास शहरात पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर अक्षय्यतृतीया गेली, रमजान ईद गेली, लग्नसराईचा सगळा उन्हाळा गेला, आणि ज्या दिवसांच्या विक्रीवर कापडदुकानदाराचे वर्षाचे गणित उभे असते ते सारे दिवस बंद फळ्यांआड निघून गेले. शाळा बंद, म्हणून गणवेशांना मागणी नाही. आणि गणवेश, चादर व टॉवेल यांवर ज्या शहरातील हजारो घरांच्या चुली पेटतात, त्या शहरात मागणी थांबणे म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या वस्तीत मागांचा आवाज बंद पडलेला मी त्या उन्हाळ्यात प्रथमच अनुभवला.

अशा अवस्थेत 31 मे रोजी शासनाचा हुकूम निघाला. ज्या महापालिकांच्या क्षेत्रांत निर्बंध अधिक कडक ठेवावयाचे त्यांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरचे नाव होते. 5 जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी व दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत उघडण्याची मुभा मिळाली. मात्र कापडदुकानांसाठी त्या हुकुमात दोन अटी स्वतंत्रपणे घातल्या होत्या. कपडे घालून पाहण्याच्या खोल्या, ज्यांना आपण ट्रायल रूम म्हणतो, त्या बंद ठेवाव्यात ही पहिली, आणि विकलेला कपडा बदलून किंवा परत घेऊ नये ही दुसरी. या दोन अटी एकत्र आल्या की गिऱ्हाइकाची अवस्था कशी होते ते उघड आहे: घालून पाहता येत नाही, आणि घरी नेऊन घातल्यावर बसला नाही तर परतही करता येत नाही. रोजच्या सदऱ्याच्या बाबतीत ही गैरसोय सोसता येते; लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेल्या घराला मात्र ती मोठी अडचण वाटते.

आमच्या घरी पुतण्याचे लग्न ठरलेले होते. मे महिन्यातला मुहूर्त टळला होता, आणि त्या वर्षी 1 जुलैला आषाढी एकादशी होती. चातुर्मास लागण्यापूर्वी पन्नास माणसांत कार्य उरकून घ्यावे असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या मनात होते. साड्यांचा प्रश्न नव्हता, कारण साडीला माप लागत नाही. इरकल आणि नारायणपेठी पाहून, हाताने पोत जोखून घेता आल्या. प्रश्न नवऱ्या मुलाच्या शेरवानीचा होता. बाजारपेठेतील एका दुकानात आम्ही गेलो. दाराशी हातावर सॅनिटायझर घातले गेले, कपाळाशी तापमापक धरला गेला, आणि गादीवर बसलेल्या मालकाने अंतर ठेवून बसण्यास सांगितले. व्यवस्था पाहून समाधान वाटले. शेरवानी पसंत पडली आणि ती बसेल की नाही अशी शंका वहिनींनी काढली, तेव्हा मालक आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, इथं समोर घालता येत नाय बघा, दंड बसतोय. मागं गोदामात आरसा लावलाय. नवरदेवाला पाठवा, पाच मिनिटांचं काम."

मी त्या गोदामाच्या दारापर्यंत गेलो. प्लास्टिकच्या पिशव्यांचे ढीग छतापर्यंत रचलेले, मागचे शटर खाली ओढलेले, हवा येण्याजाण्यास वाट नाही, आणि आमच्या आधी आलेल्या दोन कुटुंबांतील माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत खेटून उभी. अंगरखा डोक्यावरून काढताना मास्क उतरत होता आणि पुन्हा तोंडावर चढत नव्हता. एक पोरसवदा नोकर प्रत्येक उतरलेल्या कपड्यावर मोठ्या निष्ठेने फवारा मारीत होता. तेथे आत जाऊ नये असे मी पुतण्याला म्हणालो. भावाला ते रुचले नाही, कार्याच्या आनंदात विघ्न नको असे सर्वांनाच वाटत होते, आणि तो आत गेला. वहिनी त्याच्याबरोबर गेल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. आठवड्याभरात त्या दुकानातील एक नोकर बाधित आढळला, महापालिकेची माणसे संपर्कातल्या लोकांची नावे टिपत आमच्या दारी आली, आणि पुतण्या व वहिनी दोघांचे अहवाल बाधित आले. दोघेही विलगीकरणात राहून बरे झाले, परंतु वहिनींची धाप दिवाळीपर्यंत गेली नाही. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ढकलावे लागले. रोग त्याच खोलीतून आला असे मी म्हणणार नाही, तसे सिद्ध करण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. एवढे मात्र खरे की, बाहेर उघड्या पेढीवर बसून त्याच शेरवानीला, त्याच साड्यांना तासभर हात लावणारे आम्ही बाकीचे सगळे निरोगी राहिलो.

त्या काळात वैद्यकशास्त्रही शिकतच होते. मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक व स्टेनलेस स्टील यांवर दोन-तीन दिवसांपर्यंत, आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत टिकलेला आढळला, आणि या आकड्यांनी घराघरांत धास्ती भरली. भाजी धुतली गेली, नोटांना इस्त्री फिरवली गेली. पुढे हाँगकाँगच्या संशोधकांना कापडावर दुसऱ्या दिवशी तो सापडेनासा झाला. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून बाधा होण्याचा संभव साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. विषाणूला स्निग्ध आवरण असते, ते साध्या साबणाने विरघळते, म्हणून नवा कपडा धुऊन वापरला की त्याच्यापुरते भय मिटते. कोंडलेल्या खोलीतील हवेला साबण लावता येत नाही. बाधित मनुष्य तेथून निघून गेल्यावरही त्याच्या श्वासातील सूक्ष्म कण तेथे बराच काळ तरंगत राहतात, आणि पुढचा मनुष्य नेमका तेथेच मास्क काढतो. हुकुमात खोली बंद ठेवण्याचे फर्मान होते, परंतु ती का बंद ठेवावयाची याचा खुलासा कोणी दुकानदाराला केला नाही. तो केला असता तर समोरची खोली बंद करून मागची उघडण्याची तजवीज त्याने केली नसती असे मला वाटते. मालक वाईट मनुष्य नव्हता. त्याला कपडाच दोषी वाटत होता, आणि कपड्यावर तर तो फवारा मारीत होता.

आता मार्गदर्शनाचे. दुसऱ्या वेळी शेरवानी घेण्याचा प्रसंग आला तेव्हा, अनेक वर्षे गणवेशांच्या कारखान्यात कटिंग केलेल्या शेजारच्या एका वृद्ध शिंप्याचा सल्ला मी घेतला. त्याने सांगितलेली रीत इतकी सोपी आहे की साथ असो वा नसो, प्रत्येक घराने ती शिकून घ्यावी. अंगावर टेप फिरवून घेतलेले माप श्वासागणिक बदलते आणि घेणाऱ्याच्या हातागणिकही बदलते. म्हणून अंगाचे माप न घेता, स्वतःला उत्तम बसणाऱ्या कपड्याचे माप घ्यावे. असा सदरा बटणे लावून सपाट जमिनीवर पसरावा, सुरकुत्या हाताने सारख्या कराव्यात, आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजून त्याची दुप्पट करावी, ती छाती. खांद्याच्या एका टोकाच्या शिवणीपासून दुसऱ्या टोकापर्यंत खांदा, कॉलरच्या खालून पाठीवरून उंची, खांद्याच्या शिवणीपासून बाही. विजारीची कंबर तशीच दुप्पट करून, आणि तिच्याबरोबर मांडीच्या आतली लांबी व आसन ही दोन्ही. लोक कंबर तेवढी लक्षात ठेवतात आणि विजार आसनात आखडली की दुकानदाराला दोष देतात. ही मापे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आणि टेप दुकानात न्यावी, आणि तेथला कपडा पेढीवर पसरून त्याच रीतीने मोजावा. कपड्यावर छापलेल्या 40 किंवा 42 या आकड्यावर विसंबू नये. एक कारखाना तो आकडा छातीचा म्हणून देतो, दुसरा तयार कपड्याचा म्हणून, आणि सदऱ्याच्या सैलपणासाठी छातीहून चारेक इंच अधिक लागत असल्याने दोहोंत मोठा फरक पडतो.

शेरवानी, कोट यांच्या बाबतीत त्या शिंप्याने जो इशारा दिला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो: "साहेब, खांदा बघून घ्या, बाकी मी बघतो." कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, उंची दुमडता येते, खांदा आणि मुंढा चुकला तर सगळा कपडा उसवल्यावाचून इलाज नाही. शिवाय कपडा उलटा करून शिवणीत माया किती सोडली आहे ती पाहावी. जेथे पाऊण इंच माया आहे तो कपडा पुढे सैल करून घेता येतो; जेथे कडेलगत ओव्हरलॉक मारून सारे कापड कापून टाकले आहे तेथे घट्ट निघालेला कपडा घट्टच राहणार. सुती कपडा पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतो, म्हणजे तीस इंच उंचीत इंच-दीड इंच गेला असे धरून चालावे. ब्लाउजसाठी तर आपल्या बायका मापाचा जुना ब्लाउज शिंप्याकडे देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या आहेत. पुरुषांनी आणि मुलांसाठी आयांनी तीच पाळावी एवढेच काय ते नवे.

आपल्या गावाकडेच पाहिले तर घालून पाहावे न लागणारे कपडे अंगावर वागवणारी परंपरा येथे जिवंत आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाचे मानकरी जी पांढरी बाराबंदी घालतात ती बंदांनी बांधावयाची असते, त्यामुळे अंगाच्या थोड्याफार कमीअधिक मापाला ती सहज सामावून घेते. दुसऱ्या मुहूर्ताच्या वेळी पुतण्याने शेरवानी घेतली ती चिठ्ठीवरच्या मापाने. खांदा बरोबर आला, आणि बाह्या अर्धा इंच आत घेण्याचे काम त्या शेजाऱ्याने अंगणात बसून एका दुपारी करून दिले.

ज्यांना दुकानात कपडा घालून पाहणे अगदीच टळत नाही, त्यांनी एवढे तरी पाहावे की तो पातळ सदऱ्यावरून, मास्क न काढता, समोर उघड्या पेढीच्या आरशापाशी घालता येतो की नाही; कोट, जाकीट, शेरवानी या गोष्टी तशा घालता येतात. बस्त्याला दहा माणसांनी जाण्याची आपली हौस साथीपुरती आवरावी, दुकान उघडताच सकाळी जावे, आणि ज्याच्यासाठी कपडा घ्यावयाचा तो आणि रंग ठरवणारे एक माणूस एवढेच जावे. मागच्या खोलीत बोलावणे आले तर आदराने नकार द्यावा. घरच्यांना राग आला तरी द्यावा. दुकानदारांनाही माझे सांगणे आहे. ट्रायल रूम जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात न काढता, ती छतापाशी मोकळी ठेवून वर हवा बाहेर ओढणारा पंखा बसवावा. त्याला येणारा खर्च एका शेरवानीच्या किमतीहून फार नसावा, आणि साथ नसतानाही गिऱ्हाइकाला तेथे घुसमटल्यासारखे होणार नाही.

राहिला प्रश्न परत घेण्याचा. शासनाची मनाई कपडा बदलून व परत घेण्याबाबत होती, परंतु अंगाला न बसणे आणि कपड्यात दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार, सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हेही त्याच सदरात येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी कपडा दिव्याखाली पसरून शिवण, काज, चेन आणि रंगाचे डाग पाहून घ्यावेत, आणि तपशीलवार पावती मागून घ्यावी. माप चुकले तर तो आपला व शिंप्याचा प्रश्न. पहिल्या धुण्यात शिवण उसवली, तर ती पावती आणि तो कपडा घेऊन निःसंकोच दुकानात परत जावे.