द्राक्षबागेची फवारणी-वही व बागाइतदारांचे अभिप्राय

युरोपास द्राक्षे पाठविणाऱ्या बागाइतदाराने केवळ उत्तम माल पिकवून भागत नाही. तेथील दुकानातील पेटीच्या क्रमांकावरून ती कोणत्या पॅकहाऊसमध्ये भरली व द्राक्षे कोणत्या प्लॉटातील, याचा माग काढता आला पाहिजे. २००६ च्या सुमारास अपेडाने सुरू केलेली ‘ग्रेपनेट’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. हा माग अखेर शेतकऱ्याच्या फवारणी-वहीपाशी येऊन थांबतो. म्हणून वही भरण्यास शिकविणाऱ्या पुस्तिका व तक्ते यांविषयी शेतकऱ्यांचे अभिप्राय घेणे अगत्याचे आहे.

२०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले व माल अडकून पडला. बागाइतदार ज्यास सीसीसी म्हणतात तेच हे द्रव्य. खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरून घडनिर्मितीस साहाय्य व्हावे, म्हणून ते फवारीत. ते कीडनाशक नव्हे की बुरशीनाशक नव्हे. त्यामुळे ‘कोणती औषधे मारली?’ असे विचारल्यास प्रामाणिक मनुष्यही त्याचे नाव घेत नाही. शिवाय वहीचे पहिले पान ऑक्टोबरातील गोडी छाटणीपासून सुरू होत असेल, तर एप्रिल-मेमधील फवारणी लिहावी कोठे? असली उणीव कचेरीत बसून दिसत नाही. ती वही भरणाराच दाखवू शकतो.

अभिप्राय घेताना ‘समजले ना?’ हा प्रश्न टाळावा. चारचौघांत सर्वच माना डोलावितात. कार्यकर्त्याने बागेत जावे, कोरे पान पुढे ठेवावे व मागील फवारणी लिहून दाखविण्यास सांगावे. मध्ये बोलू नये. जो रकाना रिकामा राहील तोच पाठ कच्चा समजावा. बहुधा प्रमाणापाशी लेखणी अडखळते: वही लिटरास किती ते विचारते, तर शेतकरी दोनशे लिटरच्या टाकीचा हिशेब सांगतो. औषधाचे नाव तो डब्यावरचे लिहितो, तपासणीच्या यादीत मात्र मूळ द्रव्याचे नाव असते. दोन प्लॉटांची छाटणी वेगवेगळ्या दिवशी झाली असल्यास, एकाच पानावर दोहोंची फवारणी लिहिली जाऊन शेवटची फवारणी व काढणी यांतील दिवसांचा मेळ बसत नाही.

मालकाइतकेच फवारणी करणाऱ्या गड्यासही विचारावे. टाकीत खरोखर काय पडले, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते. वही घरातील सून वा मुलगी लिहीत असेल, तर तिचा अभिप्राय प्रथम घ्यावा.

हे बोल शक्यतो शेतकऱ्याच्याच शब्दांत टिपून तालुक्यास कळवावेत. सुधारलेले पान पुढील खरड छाटणीपूर्वी त्याच शेतकऱ्यांपुढे पुन्हा ठेवावे, आणि कोणती सूचना स्वीकारली व कोणती का स्वीकारली नाही, हे त्यांस तोंडी सांगावे.