पायी नर्मदा परिक्रमा : पाठीवर काय घ्यावे, काय ठेवावे

॥ नर्मदे हर ॥

अमरकंटक येथे मैकल पर्वतात उगम पावून भरूचजवळ खंबातच्या आखातास मिळणारी श्रीनर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. मध्य प्रदेश, गुजरात आणि आपल्या महाराष्ट्राचा नंदुरबार जिल्हा यांना तिचा तीर लाभला आहे. या पुण्यसलिलेस उजव्या हातास ठेवून, कोठेही तिचे पात्र न ओलांडता, दोन्ही तीरांनी पूर्ण प्रदक्षिणा करणे म्हणजे परिक्रमा. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात असे परंपरा सांगते. अलीकडे बहुसंख्य भाविक चातुर्मास संपल्यावर संकल्प सोडून काही महिन्यांत ती पूर्ण करतात. दोन्ही तीर मिळून ही वाटचाल २,६०० किलोमीटरांहून अधिक होते.

परिक्रमेस निघताना संकल्प, पूजाविधी व नियम यांची चौकशी प्रत्येक जण करतो. पाठीवर किती वजन असावे, ही चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः पहिल्या आठ-दहा दिवसांत ज्यांना परत फिरावे लागते, त्यांच्यापैकी अनेकांची श्रद्धा उणी पडलेली नसते. उणे पडलेले असतात ते गुडघे. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडला आहे.

१. वजनाची मर्यादा

एका पावलाची लांबी ७० सेंटिमीटर धरल्यास २५ किलोमीटरांच्या चालीत सुमारे ३५,००० पावले पडतात. पाठीवरचा एक अनावश्यक किलो म्हणजे तितक्या वेळा गुडघ्यावर व घोट्यावर येणारा अधिकचा भार होय. शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपुरते असावे, असे केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. प्रौढ भाविकानेही तेच प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावे. पाणी व शिधा धरून ते १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ही मर्यादा ९ किलो, तर ४५ किलो वजनाच्या व्यक्तीस पावणेसात किलो होते. पतीपत्नी अथवा सोबती एकत्र जात असल्यास भांडी, औषधे व मच्छरदाणी सामायिक ठेवावी. बलवानाने अधिक उचलावे.

२. साहित्याची यादी (एका व्यक्तीसाठी, अंदाजे वजन)

• पाठपिशवी, ४० ते ४५ लिटर, कमरपट्ट्यासह : १,२०० ग्रॅम
• शयनपिशवी (स्लीपिंग बॅग) : १,२०० ग्रॅम
• फोमची चटई व मच्छरदाणी : ५५० ग्रॅम
• कपड्यांचा एक अधिक जोड, अंतर्वस्त्रे, दोन पंचे : १,००० ग्रॅम
• लोकरीचा वा फ्लीसचा अंगरखा, कानटोपी : ५०० ग्रॅम
• पातळ प्लास्टिकचे आच्छादन : २०० ग्रॅम
• अॅल्युमिनियमचे पातेले, ताटली, पेला : ४०० ग्रॅम
• नर्मदाजलाची कुपी व पूजासाहित्य : ३०० ग्रॅम
• औषधे व प्रसाधन : ४०० ग्रॅम
• विजेरी, भ्रमणध्वनी व चार्जर : ४५० ग्रॅम
• ओळखपत्राची प्रत, परिक्रमेची शिक्क्यांची वही : १५० ग्रॅम

एकूण सहा किलो ३५० ग्रॅम. त्यात एक लिटर पाणी, म्हणजेच एक किलो, आणि अर्धा किलो फुटाणे, गूळ वा सत्तूचे पीठ धरले तरी आठ किलोंच्या आत सर्व बसते. शरीराने हलक्या व्यक्तीने यातूनही कपात करावी.

३. निवड करताना

पाठपिशवी : कमरपट्टा नसलेली पिशवी सर्व भार खांद्यांवर टाकते. पट्टा नितंबांच्या हाडांवर घट्ट बसल्यास बराच भार कमरेकडे व पायांकडे जातो. जड वस्तू पाठीलगत मध्यभागी, तर हलक्या वस्तू तळाशी व बाहेरच्या बाजूस ठेवाव्यात. पिशवीत प्रथम एक मोठी जाड प्लास्टिकची थैली घालून मगच सामान भरावे. अवकाळी पावसात, तसेच विमलेश्वराकडून मिठीतलाईकडे समुद्रातून नावेने जाताना याचा उपयोग कळतो.

वस्त्रे : जाड सुती कापड भिजले की जड होते व लवकर वाळत नाही. एक जोड अंगावर आणि एक पिशवीत, एवढे पुरेसे आहे. रात्री धुतलेले सकाळी वाळेल असे टेरिकॉटचे वा पातळ सुती कापड निवडावे. जाड टॉवेलाऐवजी आपला पंचा उत्तम. तो अंग पुसण्यास, डोक्यास बांधण्यास व शिधा बांधण्यासही उपयोगी पडतो.

अंथरूण : घोंगडीविषयी सर्वांस आदर आहे, परंतु चांगली घोंगडी दोन किलोंच्या पुढे जाते व भिजल्यास आणखी जड होते. तंबूची आवश्यकता सहसा भासत नाही. आश्रम, धर्मशाळा, मंदिरे व तीरावरील ग्रामस्थ निवारा देतात.

भांडी : सदावर्त घेऊन स्वतः रांधणाऱ्यांनी स्टीलऐवजी अॅल्युमिनियमचे पातेले घ्यावे; तेवढ्याच आकाराला ते सुमारे एक तृतीयांश वजनाचे भरते. त्यात ताक, चिंच आदी आंबट पदार्थ ठेवू नयेत.

पादत्राणे : पायातील वजन पाठीवरील वजनापेक्षा अधिक शिणवते. जड बुटांऐवजी हलके, वापरून मऊ झालेले जोडे घ्यावेत. दिवसभराच्या चालीने पाय सुजतात, म्हणून माप किंचित मोठे असावे. बांबूची काठी सोबत ठेवावीच. उतारावर ती गुडघ्यांचा भार हलका करते.

४. येथे काटकसर नको

हलके सामान याचा अर्थ अपुरे सामान नव्हे. अमरकंटक समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. पौष-माघात तेथील रात्री अतिशय थंड असतात. ऊबदार वस्त्र घरी ठेवून वजन वाचवणे म्हणजे आजारास निमंत्रण होय. नित्याची औषधे, जलसंजीवनीची पाकिटे व जखमेची पट्टी कधीही वगळू नये. शूलपाणीच्या झाडीत वस्ती विरळ आहे. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. जलाशयाने तीरावरील अनेक जुन्या वाटा पोटात घेतल्या असून परिक्रमावासींना डोंगरातून चढउतार करीत जावे लागते. त्या टप्प्यात एकाऐवजी दोन लिटर पाणी घ्यावे आणि तो एक किलो वाढवण्यासाठी अन्य एक किलो आधीच कमी करून ठेवावा.

५. निघण्यापूर्वीची परीक्षा

पिशवी भरून वाण्याच्या काट्यावर तोलावी. नंतर तीच पिशवी घेऊन सलग तीन दिवस रोज १५ किलोमीटर चालावे. तिसऱ्या रात्री सर्व वस्तू बाहेर काढून तीन वाटे करावेत : रोज लागलेल्या, संकटात लागतील अशा, आणि ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेल्या. तिसरा वाटा घरीच ठेवावा. मार्गात एखादी वस्तू निरुपयोगी ठरली तर टपाल कार्यालयातून घरी पाठवावी किंवा आश्रमात गरजूसाठी द्यावी. तीरावर टाकू नये. साबण थोडा घ्यावा व नदीच्या पात्रात मुळीच वापरू नये.

६. दानशूर भाविकांस विनंती

परिक्रमावासींची सेवा हे थोर पुण्यकर्म आहे. तथापि एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. वाटेत श्रद्धेने दिलेली चादर, स्टीलचा डबा अथवा जाड ग्रंथ परिक्रमावासीस नाकारवत नाही, आणि उचलवतही नाही. दात्याच्या हातून सुटलेली वस्तू पुढे शेकडो किलोमीटर त्याच्या पाठीवर बसते. म्हणून शक्यतो जेथल्या तेथे उपयोगी पडेल असे दान करावे : गरम भोजन, चहा, पायांस चोळण्यास तेल, भ्रमणध्वनी भारित करण्याची सोय, एका वेळेपुरते बांधलेले सदावर्त. ब्लँकेट द्यावयाचे असल्यास आश्रमास द्यावे. तेच ब्लँकेट रोज नव्या परिक्रमावासीस ऊब देईल. परिक्रमावासीनेही मिळालेली जास्तीची वस्तू पुढील मुक्कामी गरजूस देण्यात संकोच मानू नये. त्याने दात्याचा अवमान होत नाही, त्याचे दान पुढे चालू राहते.

अपरिग्रह हे व्रत आपल्या शास्त्रांनी मोक्षमार्गासाठी सांगितले. पायी चालणाऱ्यास त्याचा अर्थ पहिल्या दिवशीच खांद्यांवर कळतो. ज्याची पिशवी हलकी, त्याची मान वर राहते व माईचे पात्र डोळ्यांसमोर राहते. ज्याची पिशवी जड, त्यास दिवसभर केवळ स्वतःची पावले दिसतात. सर्व भाविकांचा संकल्प निर्विघ्न सिद्धीस जावो, हीच माईच्या चरणी प्रार्थना.

॥ नर्मदे हर ॥