भक्तनिवासातील धूम्रपान : नियम, कारणे आणि अतिथिधर्म



दर्शनासाठी आलेल्या यात्रेकरूस भक्तनिवासातील खोली मिळते ती एका, फार तर दोन रात्रींपुरती. त्याच्या आधी त्या खोलीत कोणी राहून गेलेले असते आणि तो निघाल्यावर काही तासांतच दुसरे कुटुंब तेथे उतरते. एकाच गादीवर वर्षभरात शेकडो भाविक विसावतात. म्हणूनच ‘खोली माझी आहे, मी पैसे भरले आहेत’ हे म्हणणे भक्तनिवासात पूर्णांशाने खरे ठरत नाही. खोली एकामागून एक येणाऱ्या सर्व भाविकांची असते, आणि प्रत्येकाने ती पुढच्यासाठी राखून ठेवावयाची असते.

धूम्रपानाचा प्रश्न नेमका येथे उद्भवतो. भक्तनिवासाच्या सर्व खोल्यांत, सज्जांत, जिन्यांत व स्वच्छतागृहांत धूम्रपानास सक्त मनाई आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही नियम मोडला जातो. तो का पाळावा, आणि कोणी मोडल्यास सेवेकऱ्यांनी व सहयात्रेकरूंनी कसे वागावे, याचा सविस्तर विचार या लेखात केला आहे.

एक प्रसंग

मागे एकदा, पहाटेच्या काकड आरतीसाठी आलेले एक कुटुंब रात्री साडेदहाच्या सुमारास खोलीत उतरले. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा होता व त्यास दम्याचा विकार होता. खोली झाडलेली, पुसलेली, चादरी धुतलेल्या. आधीच्या पाहुण्यांनी मात्र दारे-खिडक्या लावून रात्रभर विड्या ओढल्या होत्या आणि निघताना वास झाकण्यासाठी उदबत्त्यांचा अर्धा पुडा जाळला होता. दोन तासांत मुलास धाप लागली. त्या रात्री एकही खोली रिकामी नव्हती. अखेर पहारेकऱ्याने स्वतःची बाज बाहेरच्या ओसरीवर टाकून दिली आणि आई मुलास मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत तेथे बसली. आरती झाली, त्या माउलीस ती घडली नाही. ज्यांनी विड्या ओढल्या ते तोवर शेकडो मैल दूर गेले होते. आपण कोणाचे दर्शन चुकविले, हे त्यांना कधी कळलेही नसेल.

धूर गेला तरी काय उरते

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत. दुसऱ्याच्या धुराचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा वैद्यकशास्त्राने मानलेली नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी व हृदयविकाराचे रुग्ण यांना तो विशेष बाधतो.

खिडकी उघडली की धूर जातो, हा समज अपुरा आहे. धुरातील निकोटिन व चिकट अंश भिंतींचा रंग, पडदे, उशा, गाद्या आणि लाकडी कपाटे यांवर बसतात आणि तेथून कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने, हळूहळू पुन्हा हवेत सुटत राहतात. निकोटिनच्या या थराचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात, असे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील हॉटेलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या हॉटेलांत काही खोल्या धूम्रपानासाठी मोकळ्या होत्या, तेथील धूम्रपानरहित म्हणविल्या जाणाऱ्या खोल्यांतही निकोटिनचा अंश आढळला. संपूर्ण इमारतीत मनाई असलेल्या हॉटेलांतील खोल्या त्या मानाने स्वच्छ होत्या. एका मजल्यावर मुभा व दुसऱ्यावर मनाई, अशी विभागणी पाहुण्यांचे पुरेसे रक्षण करीत नाही, हा त्यातून निघणारा बोध भक्तनिवासासही लागू पडतो.

स्वच्छतागृहात दार लावून ओढल्यास कोणास त्रास होत नाही, असेही अनेकांस वाटते. वस्तुतः एकावर एक बांधलेल्या स्वच्छतागृहांचे झरोके बहुधा एकाच उभ्या पोकळीत उघडतात. पहिल्या मजल्यावरचा धूर त्या पोकळीतून वर चढतो व दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील खोलीत शिरतो. उदबत्ती वा धूप लावल्याने तंबाखूचा अंश नाहीसा होत नाही. एका धुरात दुसऱ्याची भर मात्र पडते, आणि दमेकऱ्यास दोन्ही सारखेच जाचतात.

आगीचे भय याहून मोठे आहे. कापसाच्या गादीत विडीची ठिणगी पडली तर लगेच ज्वाळा दिसत नाही. कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसतो व त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू बाहेर पडतो. झोपलेल्या माणसास जाग येण्यापूर्वीच तो गुंगवितो. यात्रेच्या दिवसांत एकेका खोलीत सात-आठ माणसे निजलेली असताना हे संकट किती भयंकर ठरेल, ते वेगळे सांगावयास नको.

कायदा काय सांगतो

केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरविले. त्यानंतर मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, शासकीय कार्यालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. पुढे संसदेने सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमान्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे हा गुन्हा असून त्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. याविषयीचे सविस्तर नियम गांधी जयंतीस, २ ऑक्टोबर २००८ रोजी, अमलात आले.

या नियमांनुसार व्यवस्थापनावरही जबाबदारी येते. प्रवेशद्वारी, प्रत्येक मजल्यावर व जिन्यापाशी किमान ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असा मनाईचा फलक लावावा लागतो. तक्रार कोणाकडे करावी त्याचे नाव ठळकपणे लावावे लागते. रक्षापात्रे, काड्यापेट्या वा लायटर पुरविता येत नाहीत. तक्रार येऊनही व्यवस्थापनाने दुर्लक्ष केल्यास ते स्वतः दंडास पात्र ठरते. तीस वा अधिक खोल्यांच्या हॉटेलास धूम्रपानासाठी वेगळ्या खोल्या राखता येतात. मात्र त्या एकाच मजल्यावर वा एकाच भागात असाव्यात आणि त्यांतील धूर इतरत्र शिरता कामा नये. ही सवलत घेण्याची सक्ती नाही. भक्तनिवासात अशी एकही खोली नसावी, हेच क्षेत्राच्या पावित्र्यास व भाविकांच्या आरोग्यास धरून आहे.

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, साठवण व वाहतूक यांवर देशभर बंदी आहे. ‘यात तंबाखू जळत नाही’ या सबबीवर तीही खोलीत चालणार नाही.

संतांच्या चिलमीचा दाखला

सेवेकऱ्यांस पुष्कळदा एक उत्तर ऐकावे लागते : ‘शिर्डीचे साईबाबा चिलीम ओढीत, शेगावचे गजानन महाराज चिलीम ओढीत, मग आम्हासच मनाई का?’ हा प्रश्न श्रद्धेतून आलेला असतो. त्याची थट्टा करू नये; नीट उत्तर द्यावे.

सत्पुरुषांची चिलीम भक्तमंडळींत हातोहात फिरे. तिच्या निमित्ताने दीनदुबळ्यास, जातीपातीचा विचार न करता, जवळ बसावयास मिळे. बंद खोलीत दुसऱ्याचे मूल निजलेले असताना ओढलेल्या सिगारेटशी तिची तुलना होत नाही. संतांचे अनुकरण करावयाचे तर प्रथम त्यांच्या करुणेचे करावे. ती साधली म्हणजे शेजारच्या खोलीतील खोकला आपोआप ऐकू येईल.

शेगावच्या कथेतील जानकीराम सोनाराने अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव देण्याचे नाकारले आणि पुढे त्यास पश्चात्ताप झाला. ही कथा सेवेकऱ्यांनीही ध्यानी ठेवावी. दारी आलेल्याच्या हातातील चिलीम पाहून त्यास तुच्छ लेखणे, हीच त्या सोनाराची चूक होती. विडीस मनाई करावी; विडी ओढणाऱ्या माणसाचा अवमान करू नये.

सेवेकऱ्यांसाठी आचार

१. खोली देतानाच नियम तोंडी सांगावा. छापील पावतीवरील सूचना फार थोडे लोक वाचतात. ‘आपल्यानंतर येथे लहान मुले उतरणार आहेत, कृपया खोलीत विडी-सिगारेट ओढू नये,’ एवढे एक वाक्य पुरेसे असते.

२. केवळ वासावरून कोणास दोषी धरू नये. वास आधीच्या मुक्कामाचा असू शकतो, झरोक्यातून आलेला असू शकतो. थोटूक, राख किंवा प्रत्यक्ष धूर दिसल्याखेरीज आरोप करू नये.

३. तक्रार आल्यास दोन सेवेकऱ्यांनी मिळून जावे, दार वाजवून थांबावे आणि आवाज न चढविता बोलावे. मुलाबाळांदेखत वा इतर यात्रेकरूंसमोर कोणास लज्जित करू नये.

४. वृद्धांशी विशेष मार्दवाने वागावे. पन्नास-साठ वर्षांची सवय एका फलकाने सुटत नाही. ‘आजोबा, चला, मी आपल्याबरोबर फाटकापर्यंत येतो,’ असे म्हणणारा सेवेकरी वाद होऊच देत नाही. रात्री फाटक बंद झाल्यावरच स्वच्छतागृहातील धूम्रपान वाढते, हा अनुभव आहे. यास्तव पहारेकऱ्याने अशा वेळी कुरकुर न करता फाटक उघडून द्यावे.

५. समजावूनही न ऐकल्यास व्यवस्थापकास कळवावे. खोली रिकामी करण्यास सांगण्याचा निर्णय त्यांनीच घ्यावा, आणि सोबत स्त्रिया, मुले वा आजारी माणसे असल्यास रात्री-अपरात्री कोणास रस्त्यावर काढू नये.

६. स्वच्छतेचा खर्च अनामत रकमेतून घ्यावयाचा असेल तर ती अट खोली देतानाच सांगितलेली असावी व घेतलेल्या रकमेची पावती द्यावी. हा खर्च म्हणजे कायद्यातील दंड नव्हे. तो दंड अधिकारप्राप्त अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो.

७. अशी खोली लगेच दुसऱ्यास देऊ नये. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे धुवावेत, गाद्या उन्हात टाकाव्यात, भिंती व फरशी साबणाच्या पाण्याने पुसाव्यात आणि दारे-खिडक्या शक्य तितका वेळ उघड्या ठेवाव्यात. सुगंधी फवारा मारून खोली देणे म्हणजे पुढील भाविकाची फसवणूक होय.

देणगीदारांस विनंती

अनेक खोल्यांच्या दारावर देणगीदारांच्या वा त्यांच्या दिवंगत आप्तांच्या नावाची पाटी असते. अशा दात्यांपैकी क्वचित कोणी ‘ही खोली आमच्या वडिलांच्या नावाची आहे’ असे म्हणून नियमातून सूट मागतो. सेवेकरी संकोचतो, कारण दात्यास नाही कसे म्हणावे? तथापि दान दिल्यावर त्या वस्तूवरील आपले स्वामित्व सोडावयाचे असते, हाच दानाचा अर्थ आहे. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या खोलीत एखादे मूल गुदमरले, तर त्या स्मरणास कोणते पुण्य लाभेल? सर्व देणगीदारांनी हा नियम प्रथम स्वतः पाळावा. सेवेकऱ्यांचे अर्धे काम त्यानेच हलके होईल.

सहयात्रेकरूंनी काय करावे

खोलीत पाऊल टाकताच वास जाणवल्यास सामान सोडण्यापूर्वीच कार्यालयात कळवावे. त्यामुळे खोली बदलून देणे सोपे जाते व दोष आपल्यावर येत नाही. दम्याचा वा हृदयाचा विकार असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे. शेजारून धूर येत असल्यास स्वतः भांडावयास न जाता सेवेकऱ्यास बोलवावे.

ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी

शेवटची सिगारेट विझल्यावर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके उतरू लागतात आणि साधारण एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्यात घोटभर पाणी प्यावे, चार पावले चालावे, नामस्मरण करावे. सवय सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, आणि यात्रेचा मुक्काम बहुधा तितकाच असतो. माळ घालताना वारकरी मद्य-मांस सोडतो. त्याच निश्चयाने विडी-सिगारेटही येथे देवापाशी ठेवून जाता येईल. साह्य हवे असल्यास राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११२-३५६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

आपण खोली सोडाल तेव्हा क्षणभर दारात थांबून मागे वळून पाहावे. आज रात्री तेथे कोणाचे तरी मूल निजणार आहे. त्यास स्वच्छ श्वास व त्याच्या आईस पहाटेची आरती लाभावी, एवढी सेवा आपल्या हातून घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥