न विरणारे विष

गावाबाहेरच्या उकिरड्यावर आपण काय काय टाकतो! भाजीची देठे, सुकलेली पाने, शेण, राख. पावसाळा सरतो आणि त्या साऱ्याचे काळेभोर खत झालेले असते. डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव त्या ढिगात अहोरात्र राबत असतात व प्रत्येक पदार्थाची मोडतोड करून त्यातील द्रव्ये मातीस परत देत असतात. परंतु विसाव्या शतकात माणसाने असे काही पदार्थ वापरात आणले की, त्यांच्यापुढे या जीवांचे फारसे काही चालत नाही. अशाच एका पदार्थाची ही हकिगत आहे.

डी.डी.टी. हे रसायन १८७४ साली प्रथम तयार झाले. पण त्याचा उपयोग कोणासच ठाऊक नव्हता. त्याच्या अंगी कीटक मारण्याची विलक्षण शक्ती आहे, हे स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. या शोधाबद्दल त्यांस १९४८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डी.डी.टी.चे उपकार आपल्या देशाने विसरू नयेत. त्या काळी भारतात दर वर्षी अदमासे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख माणसे त्यास बळी पडत. १९५३ साली सरकारने हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. पंप घेतलेली माणसे खेडोपाडी फिरू लागली. आमच्या लहानपणीही ती येत. ती आली की बायका भांडीकुंडी अंगणात आणून ठेवीत आणि घराच्या भिंतींवर पांढुरके डाग उमटत. १९६५ च्या सुमारास हिवतापाच्या रुग्णांची संख्या १ लाखाच्या घरात आली. केवढे हे यश!

भिंतीवर एकदा फवारलेले औषध कित्येक महिने डास मारीत राही. ऊन, वारा, दमट हवा यांनी ते लवकर नासत नसे. या टिकाऊपणाचे सर्वांस मोठे कौतुक वाटे. पण जे भिंतीवर टिकते, ते मातीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या शरीरातही टिकेल, हा विचार तेव्हा फार थोड्यांनी केला.

मुलांनो, तो विचार करावयास लावणारी एक घटना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडली. तेथे ‘क्लिअर लेक’ नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्यावर एका जातीच्या चिलटांचे थवेच्या थवे उठत. ही चिलटे चावत नसत. पण काठच्या रहिवाशांना व मासे धरावयास येणाऱ्यांना त्यांचा उपद्रव होई. तो दूर करण्यासाठी डी.डी.टी.चेच एक भावंड, डी.डी.डी., निवडण्यात आले. कारण ते माशांना कमी अपायकारक समजले जाई. १९४९ साली ७ कोटी भाग पाण्यात १ भाग, या प्रमाणात ते सरोवरात सोडले. चिलटे पुन्हा वाढली, तेव्हा १९५४ व १९५७ साली हे प्रमाण ५ कोटी भागांत १ असे केले. एवढ्याशा विषाने काय होणार, असे कोणालाही वाटले असते.

या सरोवरावर ग्रीब नावाचे पक्षी राहत. आपल्या तळ्यांवरील टिबुकलीच्या कुळातील, पण आकाराने मोठे. मान लांब, वरून काळी व पुढून पांढरीशुभ्र. तरंगत्या घरट्यात ते अंडी घालतात आणि पिल्लांना पाठीवर घेऊन पोहतात. १९५४ नंतरच्या हिवाळ्यात शंभराहून अधिक ग्रीब मेलेले आढळले. साथीचा रोग असावा म्हणून तपासणी झाली, पण रोगाचा मागमूसही लागला नाही. पूर्वी त्यांची सुमारे १,००० जोडपी तेथे नांदत. १९६० पर्यंत जेमतेम ३० उरली. तीही घरटी बांधीत, पण पिल्ले काही दिसेनात.

मग मृत पक्ष्यांच्या शरीरातील चरबी तपासण्यात आली. ५ कोटी भाग पाण्यात १ भाग विष सोडले होते, हे ध्यानात धरा. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व प्राणी यांच्या ठायी, तितक्याच ५ कोटी भागांत, २५० भाग विष निघाले. वनस्पती खाणाऱ्या माशांत ते २,००० पासून १५,००० भागांपर्यंत होते. आणि ग्रीबच्या चरबीत? ८०,००० भाग! नवल असे की, फवारणीनंतर थोड्याच काळात खुद्द पाण्यात विष सापडेनासे झाले होते. पाणी निर्मळ दिसत होते. विष सजीवांच्या देहात जाऊन बसले होते.

असे का व्हावे? ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. त्यामुळे शरीर त्यांना मूत्रावाटे बाहेर टाकू शकत नाही. सूक्ष्म जीव लहान माशाच्या पोटात जातात, लहान मासा मोठ्याच्या आणि मासे ग्रीबच्या. खाल्लेले अन्न पचून जाते, विष तेवढे मागे राहते. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण म्हणतो. येथे तळ्यातला थेंब न् थेंब पक्ष्याच्या देहात साचला.

पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची जुन्या संग्रहांतील अंडी व नवी अंडी ताडून पाहिली. डी.डी.टी.चा वापर सुरू झाल्यानंतरच्या अंड्यांची कवचे पातळ झाली होती, असे त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. उबविण्यास बसलेल्या मादीच्या भारानेच ती फुटत. अमेरिकेने १९७२ साली डी.डी.टी.वर बंदी घातली. तेथील धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतून या ससाण्याचे नाव निघावयास मात्र १९९९ साल उजाडले.

भारताने १९८९ साली शेतीतील डी.डी.टी.चा वापर बंद केला. २००१ साली स्टॉकहोम येथे अनेक राष्ट्रांनी अशा बारा चिवट विषांविरुद्ध करार केला. भारतही त्यात सामील झाला. त्या बारांत डी.डी.टी. होतेच. पण इतरांहून त्याच्या बाबतीत एक वेगळी तरतूद करण्यात आली: रोग पसरविणाऱ्या कीटकांविरुद्ध, दुसरा परवडणारा व सुरक्षित उपाय हाती नसेल तेथे, ते वापरता येईल. हिवतापाने घरातील मूल गमावलेल्या आईबापांना ही सवलत का ठेवली, हे समजावून सांगावे लागणार नाही.