आधी कंदील, मग माणूस

तुझ्या आईचा फोन आला होता. नालासोपाऱ्याच्या कुठल्याशा क्लासवाल्याने म्हणे पंधरा दिवसांत तुला 'सेफ्टी ऑफिसर' करून द्यायचं कबूल केलंय. पैसे भरले नसशील तर भरू नकोस, आणि भरले असशील तर उद्या सकाळीच जाऊन परत माग. मामा म्हणून एवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाच.

सेफ्टी ऑफिसर हे कायद्यातलं पद आहे, क्लासवाल्याच्या हातातलं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात त्याचं कलम होतं. हजार किंवा जास्त कामगार असले, किंवा काम धोक्याचं असलं, की कारखान्याला हा माणूस ठेवावा लागायचा. 2020 च्या नव्या संहितेने तो आकडा पाचशेवर आणि धोक्याच्या कामासाठी अडीचशेवर आणला. म्हणजे जागा वाढणार, हे क्लासवाल्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्या खुर्चीवर बसायला इंजिनिअरिंगची पदवी नाहीतर पदविका, किंवा तुझ्यासारखी फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी लागते. त्यावर कारखान्यात देखरेखीचा काही वर्षांचा अनुभव, आणि मग सरकारमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका, जिला सगळे एडीआयएस म्हणतात. ती वर्षभराची. आपल्याकडे तंत्रशिक्षण मंडळाची आहे, आणि सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतही आहे. नियमात आणखी एक अट असते, जी क्लासवाला कधी सांगत नाही: बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे. तुला मराठी येते, हिंदी येते, बाजारात गुजरातीही रेटतोस. बोईसरला त्याची किंमत कळेल.

मग पंधरा दिवसांचं शिक्षण वाया का? नाही. त्याने दार उघडतं. फक्त ते कुठलं दार हे आधी ओळखायचं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोकांनी केलेला कोर्स म्हणजे प्रथमोपचाराचा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा कर. कारखान्यात दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी लागते आणि ती प्रमाणपत्रवाल्या माणसाच्या ताब्यात असावी लागते. निरीक्षक आला की साहेब पहिल्यांदा पेटी शोधतो, मग पेटीचा माणूस. बहुतेक ठिकाणी पेटी सापडते, आत आयोडीनची सुकलेली बाटली असते, आणि माणूस रजेवर असतो. तो माणूस तू हो.

दुसरं, आगीचं. सांताक्रूझला राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. दहावी आणि अंगकाठी दोन्ही बघतात. तुझी उंची भरेल, छातीचं मी सांगत नाही. पालिकेच्या बंबावर चढायचं नसलं तरी काम आहे. 2006 च्या राज्याच्या कायद्याने इमारतींना दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. त्या एजन्सींना हायड्रंट उघडून बघणारी, नळकांडी तपासणारी पोरं लागतात. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला ते तुला आठवत असेल; आपल्या वाडीतून त्या दिवशी कितीजण रक्त द्यायला, नुसतं उभं राहायला धावले होते. म्हणून एजन्सींची ती पोरं दाखल्यावर सही मारून निघून जाणारी असता कामा नयेत. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर काटा नसतो, हे त्यातल्या कित्येकांना ठाऊक नसतं. ते वजनावर तपासायचं: नळकांड्यावर कोरलेलं वजन आणि ताजं वजन ताडून बघ, दहा टक्के वायू कमी झाला की भरायला पाठव. पावडरचं असेल तर काटा हिरव्यात असूनही आत पावडरचा गठ्ठा झालेला असतो. उलटं करून कानाशी धर. आत काही सरकलं नाही, तर हिरव्या काट्याचा उपयोग शून्य.

तिसरं मला सगळ्यात जवळचं, म्हणून लांबवतो.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, दर उन्हाळ्यात बावखलाच्या शेजारची विहीर उपसायचे. रहाट गेला, इंजिन आलं, पण विहिरीत उतरायची पद्धत बदलली नव्हती. आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तो तळाशी जाऊन जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर पोफळीच्या झावळ्यांची मोळी दोरीला बांधून वरखाली करत हवा ढवळायची, आणि पुन्हा कंदील. आम्ही पोरं वाकून बघायचो आणि धपाटा खायचो.

कंदील हुशार होता, पण अर्धवट. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. 16-17 टक्क्यांच्या आसपास ज्योत विझते, आणि तोवर माणसाला गरगरायला लागलेलं असतं. आज आपण 19.5 च्या खाली कोणाला आत सोडत नाही. शिवाय पाणी उपसायला विहिरीतच उतरवलेल्या इंजिनाचा धूर कंदिलाला कळत नाही, आणि पेट घेणारा वायू असला तर कंदीलच काळ होतो. म्हणून आता गळ्यात चार वायूंचा मीटर असतो: प्राणवायू, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. कारखान्यांच्या शटडाउनमध्ये हा मीटर लावणारा आणि टाकीच्या तोंडाशी बसून राहणारा होल वॉच हमखास लागतो. चार-आठ दिवसांचं शिक्षण, पण काम जबाबदारीचं. तारापूरला, महाडला, पाताळगंगेला अशी पोरं हंगामावर फिरत असतात.

मीटर स्वच्छ हवेत चालू करायचा, टाकीच्या तोंडाशी नव्हे. नळी खाली सोडली की आकडा लगेच वाचायचा नाही. नळीतली हवा मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी बघायचं, कारण मिथेन वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो.

हे सगळं मला पाठ होतं, तरी एकदा मी चुकलो. एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायचा होता. सकाळी नऊला मी गॅस बघितला, आकडे चांगले आले, परमिटवर सही केली. मग दुसऱ्या प्लँटवरून बोलावणं आलं आणि मी मीटर घेऊन तिकडे गेलो. गाळ बसलेला असतो तोवर शांत असतो. फावडं लागलं की आतला वायू सुटतो. होल वॉचचं म्हणणं, आधी सडक्या अंड्यांचा वास आला होता, मग तो गेला. त्याला वाटलं, हवा मोकळी झाली. हायड्रोजन सल्फाइड शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, आणि कामाची मर्यादा तर दहाची. एकजण शिडीवरून धडपडत वर आला. दुसरा गाळात गुडघ्यांवर बसलेला होता. त्याच्या अंगावर हार्नेस आणि दोरी होती, म्हणून त्याला वर ओढून काढता आलं. त्याचा भाऊ टाकीच्या काठावर एक पाय आत टाकून तयार होता. मी धावत आलो ते त्याच्या कमरेला मिठी मारूनच. दुसऱ्याला वाचवायला उतरलेला माणूस अशा टाकीत पुष्कळदा आधी मरतो. दोघेही जगले. त्या दिवसापासून आत माणूस असला की मीटर टाकीपाशीच. दुसरीकडे बोलावणं आलं तर माणूस बाहेर काढून, परमिट बंद करून जायचं. मॅनेजर चिडला तरी चालेल.

आणि नालासोपाऱ्याच्या एखाद्या सोसायटीने सेप्टिक टँकसाठी 'सुपरवायझर' म्हणून बोलावलं तर जाऊ नकोस. संरक्षणाशिवाय माणूस आत उतरवणं 2013 पासून गुन्हा आहे. त्यांना मशिनची गाडी मागवायला सांग.

चौथं सांडपाण्याचं. ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेचा प्लँट, चालवणाऱ्यांना कोणी मान देत नाही, पण कारखान्याचा जीव त्यांच्या हातात असतो. तारापूरचं पाणी खाडीत जातं म्हणून मांगेला समाज हरित लवादात गेला, आणि तेव्हापासून पीएच, सीओडी हे शब्द मालकांनाही पाठ झाले. तुझी केमिस्ट्री इथे उपयोगी पडेल. केंद्राच्या पर्यावरण खात्याने 2017 पासून हरित कौशल्याचे छोटे कोर्स सुरू केले, त्यात सांडपाणी प्रक्रियेचाही होता. सध्या कुठे चालू आहे ते बघून ये. शिफ्टचं पुस्तक खोटं लिहायला सांगतील. कधीतरी नक्की सांगतील. तेव्हा काय करायचं ते आताच ठरवून ठेव, रात्री तीनला ठरवायला जाऊ नकोस.

आखाताचं विचारलं होतंस. तिकडे नेबॉश मागतात. ती ब्रिटिश परीक्षा आहे, 1979 पासूनची. शिकवणारी संस्था त्यांच्या यादीत आहे का ते त्यांच्याकडूनच तपास, भिंतीवर लावलेल्या चौकटीवरून नको. आपल्या गावातले कितीतरी बाप आखातात राबले. त्यांच्या घरांवर त्याचा रंग दिसतो. पण तू आधी इथे दोन शटडाउन कर. कागद घेऊन गेलेल्याला तिकडे कोणी उन्हात उभंही करत नाही, सरळ परत पाठवतात.

वाढवण बंदराचं काम सुरू होतंय, बुलेट ट्रेन विरार-बोईसरवरून जातेय. बंदराच्या विरोधात आपल्या किनाऱ्यावरचे कोळी उभे आहेत आणि माझं मन त्यांच्याकडे आहे, हे तुला माहीत आहे. तिथे कामाला जायचं की नाही हे तू ठरव. गेलास तर उंचीवर पहिल्या दिवशी परांचीवरचा टॅग बघ. हिरवा नसेल तर चढू नकोस, आणि हिरवा असला तरी तारीख वाच. दोन हुकांचा हार्नेस घे, एक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला असला पाहिजे. ठेकेदार अनुभवपत्र द्यायला टाळाटाळ करतो, म्हणून दर महिन्याला पीएफचं खातं बघत जा. तेच तुझं खरं अनुभवपत्र.

डहाणू लोकल 2013 पासून आहे, तेव्हा बोईसरला खोली घ्यायची घाई करू नकोस. सकाळची गाडी पकड, आईच्या हातचा डबा घेऊन जा.

माझा जुना हार्नेस माळ्यावर आहे. तो कामावर न्यायचा नाही, त्याचे पट्टे केव्हाच बाद झालेत. पण मांडीचे पट्टे किती आवळायचे ते त्यावर शिकता येईल. रविवारी मिस्सा आटपली की ये. मामीने निर्मळच्या जत्रेतली सुकेळी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीत. आणि येताना बिल्डिंगच्या जिन्यातलं ते लाल नळकांडं खांद्यावर टाकून आण, वजनकाटा मी शेजारून मागून ठेवतो.